परवाचा मेळावा

बसवकल्याणच्या आमच्या शाळेची वेबसाइट मीच तयार केली. फुकट, हौसेनं. नौबादच्या दोन खोल्यांत एकटी बसून परक्यांच्या वेबसाइट वेगवान करणं हे माझं पोटापाण्याचं काम. मग आपल्याच शाळेची रखडत उघडते म्हणजे काय? मूळ मजकूर होता सातासमुद्रापलीकडच्या एका संगणकावर. त्याच्या प्रती मुंबई-हैदराबादला ठेवायची सोय मी केली. ज्याला जे शहर जवळ, त्याला तिथली प्रत मिळते, वाट बघावी लागत नाही. एक प्रत किती दिवस चालवायची तेही सांगावं लागतं. मी सात दिवस सांगितले आणि विसरून गेले.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची तारीख आमच्या वर्गशिक्षक सरांनी साइटवर टाकली. रविवार, सकाळी दहा. वीस वर्षांनी वर्ग भेटणार होता. माझे आठ-आठ दिवस कुणाशी न बोलता जातात, त्यामुळे बसमध्ये मी चक्क बोलायची तालीम केली. साडीही नवी नेसले होते, खोटं कशाला सांगू.

शाळेला कुलूप. व्हरांड्यात खुर्च्यांची चळत. राखणदार म्हणाला, "मेळावा? परवा की, अक्का."

म्हणजे मंगळवारी! खुर्च्या आत्ताच आणून ठेवल्यात, केवढी ही तयारी, असं कौतुक करत मी परतले. घरी येऊन साडीला पुन्हा इस्त्री केली.

सोमवारी वाटलं, आपल्यासारखा आणखी कुणाला हेलपाटा नको. अजून रविवारच दाखवणारी हैदराबादची जुनी प्रत पुसली आणि पान नव्यानं उघडलं. तारीख शुक्रवारची होती. सरांनी ती बुधवारीच बदललेली. खाली फोटो. सगळे एका क्षणात उघडले, माझीच करामत. अख्खा वर्ग हसत उभा होता.

राखणदाराचा परवा मागचा होता. आपल्या भाषेत मागचा आणि पुढचा परवा एकच, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मला पुढचाच ऐकायचा होता. मी रडले.

मग शाळेत माझ्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, तू कामून आली न्हाईस?" ती म्हणाली.

"तारीख बदललेली मला कळलीच न्हाई."

"असं कसं? ग्रुपवर टाकलं होतं की सरांनी."

"कुठल्या ग्रुपवर?" मी विचारलं.