वर धरलेला हात

नमस्कार. मी अविनाश केळकर, वाणिज्य पदवीधर, बँक अधिकारी, सध्या मुक्काम सॉल्ट लेक. रंगमंच व्यवस्थेचे काम मी नव्याने शिकत आहे. आज दुपारी आपल्या मंडळाच्या नाटकाचा प्रयोग प्रथमच सांभाळला. तो अनुभव कळवण्यासाठी हे लिहितो.

प्रकाशयोजना पाहणारे तपनदा बंगाली. त्यांना मराठी कळत नाही. म्हणून ठरले, की मी विंगेतून हात वर केला की त्यांनी सज्ज राहायचे आणि हात खाली आला की अंधार करायचा.

शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर माझी पत्नी वैशाली एकटी होती. मी हात वर केला. अखेरचे वाक्य अर्ध्यावर सोडून ती गप्प झाली. तालमीत असे कधीच घडले नव्हते. ती विसरली असेल, तर अंधार करून तिला सावरता आले असते. नसेल, तर त्याच अंधाराने नाटकाचा शेवट माझ्याच हाताने बुडाला असता.

वाक्य विसरले की ती पदर चाचपते. आज तिचे हात स्थिर होते. मी हात वरच ठेवला.

मग तिने उरलेले शब्द हळू उच्चारले. माझा हात खाली आला, प्रकाश मावळला आणि टाळ्या सुरू झाल्या.

तपनदा म्हणाले, "दादा, आपका हाथ थोड़ा भी हिलता तो हम लाइट बंद कर देता."

वैशाली म्हणाली, "घरी तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. आज बरं थांबलात!"

पडद्यामागे काम केलेल्यांनी कृपया सांगावे: हे थांबणे घरीही जमू लागते का?

आपला,
अविनाश केळकर
कोलकाता, रविवार