पाओची ट्रंक

परवा इथे आखातात, अब्बासिया वस्तीतल्या दुकानात कुणाच्या तरी हातून फिश सॉसची बाटली फुटली, आणि त्या खारट, उग्र वासाने मला वीस वर्षांपूर्वीच्या लेबर कॅम्पातल्या खोलीत नेऊन उभं केलं.

मी फिटर होतो. खोलीत माझ्यासोबत तीन व्हिएतनामी वेल्डर. त्यातला पाओ तिकडच्या डोंगरांतल्या ह्माँग जमातीचा. बाकीचे दोघे त्याला जेवायलाही सोबत घेत नसत. एका शुक्रवारी सकाळी माझा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, सापडेना. त्याच्याशिवाय बाहेर पडणं धोक्याचं.

"पाओ को पूछो," त्या दोघांतला तुआन कॅम्पात शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "वो हमारे जैसा नहीं. पहाड़ी है."

मला तेवढं पुरलं. आदल्या दिवशी पाओ माझ्या खाटेजवळ वाकला होता, हेही लगेच आठवलं. मी त्याला ट्रंक उघडायला लावली. आत निळीत रंगवलेलं जाडंभरडं कापड होतं. मी ते झटकलं, तेव्हा चुलीच्या धुराचा वास आला.

"माँ ने बनाया," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बताका माझ्याच हेल्मेटच्या पट्ट्यात अडकलेला मिळाला. मी ओशाळून त्याच्याकडे गेलो.

"आदत है," तो म्हणाला. "हमारे उधर भी पहले मेरा सामान देखते हैं."

त्यानंतर कामावर जाताना तो रोज ट्रंक उघडी टाकून जाऊ लागला. आणि खरं सांगतो, पुढे कितीतरी दिवस मी जाता-येता तिच्यात डोकावत राहिलो.