मागची खिडकी

आमचा परेश रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या फोटोंची चिरफाड करतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा भारी दरारा. कुणी घरट्याचा फोटो टाकला, की हा लिहिणारच, "एवढं जवळ जायची काय गरज होती?" तळ्याच्या शाळेतल्या मृणाली बाईंना त्याने असंच एकदा रडवलं होतं. मला राग यायचा त्याचा.

त्याला स्वतःला मात्र एकच फोटो हवा होता. गव्हाणी घुबड, उडताना, अगदी समोरून. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात एका जोडीने पिल्लं काढली होती. पण त्यांची ये-जा मागच्या खिडकीतून, आणि तिथे खाडीचा चिखल, उभं राहायला जागा नाही. शेवटी या शहाण्याने सुकट वाळताना वर टाकतात ते जुनं जाळं आणलं आणि मागची खिडकी बांधून टाकली. पुढच्या खिडकीसमोर स्वतः कॅमेरा घेऊन उभा.

तिन्हीसांजेला फोटो मिळाला. पांढरे पंख पूर्ण उघडलेले, चोचीत उंदीर, नजर थेट आपल्यावर. गावभर फिरला तो. अजून एखादा मिळेल म्हणून जाळं तसंच ठेवून परेश रोज संध्याकाळी तिथे जाऊ लागला.

मग मृणाली बाईंनी ग्रुपवर लिहिलं, "परेशदादा, फोटो सुंदर. पण पिल्लं आत, खिडकी तिच्या मागे. मग घास घेऊन ती बाहेर का चाललीये?"

परेश रिक्षा स्टँडवर होता. उत्तर लिहायचा, पुसायचा. त्याचा चेहरा बघून मी विचारलं, "काय झालं रं?"

"ती आत जात व्हती. मला बघून फिरली," तो म्हणाला. "दुसरी वाट मीच बांधलीय. रोज मीच दारात उभा हाय."

आम्ही तसेच कारखान्यावर गेलो. चिखलात गुडघाभर रुतून त्याने जाळं कापलं. आतून पिल्लांचा फुसफुस आवाज आला, फार बारीक. एक पिल्लू हलत नव्हतं. परेश रडायला लागला.

समोरच्या माडावर ती येऊन बसली, चोचीत उंदीर. आम्ही होतो तोवर हलेना.

"चल इथून," मी म्हटलं.

इंजिन सुरू न करता आम्ही रिक्षा रस्त्यापर्यंत ढकलत नेली. ती आत गेली का, हे वळून बघायचीही चोरी होती. रस्त्यावर आल्यावर परेशने मोबाइल काढला आणि स्वतःच्याच फोटोखाली लिहिलं, "एवढं जवळ जायची काय गरज होती?"