पाटीवर कोणाचं नाव

कौसल्येच्या हातांना लाखेच्या पॉलिशचा वास असे. आंघोळ केली, भाकरी थापल्या, तरी तो जात नसे. सुताराच्या घरात जन्मलेली आणि सुताराच्याच घरात दिलेली बाई ती. त्या वासाचं तिला काहीच वाटत नव्हतं. तिला नवल वाटायचं ते घरातल्या दोन पुरुषांचं. एक तिचा नवरा लहानू, दुसरा तिचा सख्खा थोरला भाऊ गोविंदा.

दोघांनी नागपूरच्या इतवारीतल्या एका शेठच्या फर्निचरच्या दुकानात उभी जवानी काढली होती. लहानूचा हात खुर्चीवर बसलेला, गोविंदाचा टेबलावर. दोघं एका डब्यात जेवायचे आणि शेठला एका सुरात शिव्या द्यायचे. बहात्तर साली त्यांनी एकदमच काम सोडलं आणि लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरा मशिनींपासून हाकेच्या अंतरावर, जुन्या मंगळवारीत, टिनाचं एक शेड भाड्यानं घेतलं. लहानूनं खुर्च्या करायच्या, गोविंदानं टेबलं, आणि कौसल्येनं दोन्हींना पॉलिश. पहिला उन्हाळा फार सुखात गेला. दुकानाला नाव नव्हतं, म्हणून भांडायलाही काही नव्हतं.

मग गोविंदाला पाटीची हौस सुटली. त्यानं सागवानाची एक देखणी फळी बाजूला काढली, तिला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि रविवारी सकाळी चहा पिता पिता विषय काढला.

"नाव कसं साधं पाहिजे. गोविंदा फर्निचर मार्ट."

लहानूची बशी ओठापर्यंत जाऊन थांबली. "आन् मी?"

"तुम्ही तं आहेच ना, भाऊजी. तुम्ही घरचे."

"घरचा आहो म्हणून घरातच राहू का? पाटीवर नको येऊ?"

गोविंदा मोठ्या मनाचा माणूस. त्यानं लगेच 'गोविंदा-लहानू' असं करून दिलं. लहानूनं ते उलटं करून मागितलं. पंगतीत पहिलं पान जावयाचं असते, मग पाटीवर काहून नाही, असा त्याचा सवाल होता. गोविंदानं आपलं वय काढलं. लहानूनं शेठच्या दुकानात आपण गोविंदाच्या आधी लागलो होतो ते काढलं. चहा थंड झाला. शेवटी कौसल्या कंटाळून म्हणाली, "अवो, देवाचं नाव ठेवा ना. कटकट मिटन."

गोविंदाचा चेहरा उजळला. "हे बरोबर बोलली तू. श्री गोविंद फर्निचर! देवाचंच नाव आहे."

"देवाले दुसरे नावं नाहीत का?" लहानू म्हणाला.

"आहेत ना. पण मले हेच पावते."

"मंग लहानू फर्निचर काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही, भाऊजी," गोविंदा म्हणाला, "पण लोकाइले वाटन, इथी लेकराइचे पाळणे आन् पांगुळगाडे भेटते."

कौसल्येला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. लहानूनं ते पाहिलं. साळ्याचं बोलणं तो एखाद्या वेळी गिळूनही गेला असता. बायकोचं हसणं त्याच्या घशाखाली उतरेना. बशी खाली ठेवून तो उठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या बरोब्बर मधोमध फळ्या ठोकायला लागला.

झालं. एका शेडची दोन दुकानं झाली. त्या देखण्या फळीवर गोविंदानं 'गोविंदा फर्निचर मार्ट' लिहून घेतलं. लहानूनं त्याहून हातभर लांब पाटी केली आणि तिच्यावर पेंटरकडून लिहून घेतलं, 'लहानू अँड सन्स'.

"सन्स म्हंजे?" कौसल्येनं विचारलं.

"तुले इंग्रजीतलं काय समजते?"

समजत नव्हतं, म्हणून तिनं थोरल्या पोरीला विचारलं. पोरीनं अर्थ सांगितला. लहानूला दोन मुलीच होत्या, आणि आता आणखी मूल होण्याचा काही संभव नव्हता. पण 'अँड सन्स' लावल्याशिवाय पाटीला वजन येत नाही, हे तो शेठकडून शिकून आला होता. आठ दिवसांनी गोविंदाच्या पाटीखाली बारीक अक्षरांत 'आमची कोठेही शाखा नाही' असं उमटलं. त्यावर लहानूच्या पाटीखाली 'नकलेपासून सावधान' आलं. पेंटरचा हंगाम चांगला गेला.

पॉलिश मात्र दोघांनाही लागायचं, आणि ते करणारी एकच होती. फळ्यांच्या भिंतीला मागच्या बाजूला एक फट ठेवावी लागली, कौसल्येपुरती. ती अंग चोरून इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची. फळ्यांमधून साधी शिंकसुद्धा ऐकू जायची, तरी दोघांचं बोलणं तिच्यामार्फत चाले.

"तुह्या भावाले सांग, हातोडा हळू मार म्हणा."

"तुह्या नवऱ्याले सांग, हातोडा आहे तो, टाळ नोहे."

"आयकलं ना दोघायनं?" कौसल्या म्हणायची आणि कापसाचा बोळा लाखेत बुडवायची.

अशात मौद्याहून नानाजी आले. नानाजींची मौद्याला ओलिताची जमीन, पिकाला भाव बरा, आणि एकुलत्या एका पोरीचं लग्न धरमपेठेत ठरलेलं. व्याही चंपतराव, निवृत्त नायब तहसीलदार. निवृत्त झाले तरी समोरच्या माणसाला अर्जदार समजून बोलायची सवय गेली नव्हती. बोलणीच्या वेळीच त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे कोणी खाली बसून जेवत नाही. यातला अर्थ नानाजींना बरोबर कळला, आणि ते डायनिंग टेबल करून घ्यायला नागपूरला आले.

नानाजी दोघांनाही ओळखत होते. दोन पाट्या पाहून ते पार गोंधळले. एकाला काम द्यावं तर दुसरा रुसतो. म्हणून त्यांनी टेबल गोविंदाकडे सांगितलं, खुर्च्या लहानूकडे, आणि आपण किती हुशारी केली या समाधानात मौद्याची गाडी धरली.

इकडे दोन्ही बाजूंना चेव चढला. गोविंदा टेबलाच्या कडेखाली वेलबुट्टीची रुंद पट्टी कोरतो आहे, हे लहानूनं फळीला कान लावून ताडलं. मग त्यानं खुर्च्यांना हात बसवले, पाठी उंचावल्या, बैठकही वर नेली. तहसीलदार बसणार होते. खुर्चीत माणूस कसा उंच दिसला पाहिजे. ते गोविंदाला कळलं, तेव्हा त्यानं पट्टी आणखी चार बोटं खाली आणली. एकमेकाचं माप मात्र कोणी विचारलं नाही. मध्ये एका फळीचं तर अंतर होतं.

कौसल्येला माप घ्यायची गरज नव्हती. खुर्चीचे हात पुसताना तिला जेवढं वाकावं लागे, त्याहून जास्त टेबलाची पट्टी पुसताना वाकावं लागत होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं, "अवो, हे खुर्ची टेबलाखाली जात नाही."

"मंग त्याले सांग, टेबल उचल म्हणा."

तिनं भावाला सांगितलं.

"त्याले सांग, खुर्च्या काप म्हणा."

तिनं पुन्हा एक चक्कर मारली, दोन्हीकडून तीच उत्तरं घेऊन आली. सांगायचं ते सांगून झालं होतं. तिनं टेबल आणि खुर्च्या दोन्ही आरशासारख्या चमकवल्या. माणसांची तोंडं दिसावीत एवढं पॉलिश तिनं मुद्दाम केलं.

मौद्याच्या मांडवात सामान लागलं, तेव्हा गाव लोटलं. डायनिंग टेबल पाहायला बाया शेजारच्या गावांतून आल्या. गोविंदा धुवट कपड्यांत टेबलाच्या एका टोकाला उभा, लहानू दुसऱ्या टोकाला. गोविंदानं आपलं नाव टेबलाच्या कडेला कोरलं होतं. लहानू मागे राहणारा नव्हता. त्यानं प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर, वेलीच्या मधोमध, 'लहानू' असं ठसठशीत कोरलं होतं. बाया वाचत होत्या आणि कुजबुजत होत्या.

"काहून वं, नवरदेवाचं घरचं नाव लहानू आहे का?"

"असन बाई. उंचीनंही तसाच दिसून राहिला."

हे चंपतरावांच्या कानावर गेलं. ते तणतणत आले. नानाजींना वाटलं, व्याही कौतुकानं येत आहेत. ते हात जोडून म्हणाले, "बसा ना, व्याहीबुवा. बसून पाहा."

चंपतराव बसले. खुर्ची उंच, टेबल दूर. पुढं सरकायला गेले तर खुर्चीचे हात पट्टीवर आपटून थांबले. ताटाशी पोचायला त्यांना बैठकीतून अर्धं उठावं लागलं असतं.

"जोर कमी पडून राहिला," म्हणत लहानूनं मागून खुर्ची रेटली. खुर्चीचे हात आत गेले नाहीत, चंपतराव गेले. ते बैठकीवरून घसरून पुढे आले आणि त्यांचे दोन्ही गुडघे गोविंदाच्या वेलबुट्टीखाली जाऊन घट्ट बसले. ते उठायला लागले तर टेबलही त्यांच्यासोबत उठायला लागलं. वरची पितळी भांडी घरंगळली. बँडवाल्यांना वाटलं, पाहुणे आले. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. हळदीनं पिवळी झालेली नवरी खो खो हसत सुटली, आणि तिला गप्प करायला गेलेल्या मावश्या तिच्याहून जास्त हसल्या.

चौघांनी मिळून चंपतरावांना सोडवलं. ते लाल होऊन ओरडले, "कोणाचं काम आहे हे?"

वर्षभर एकमेकाशी न बोललेले ते दोघं तेव्हा पहिल्यांदा बोलले.

"टेबल बुटकं केलं यानं!"

"खुर्च्या का उंटावर बसाच्या केल्या तू?"

"नाव तं मोठं कोरलं!"

"मी एक कोरलं, तू सहा कोरले त्याचं काय?"

नानाजी खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा कौसल्येला पाहवेना. तिनं गोठ्याकडून करवत मागवली, पदर खोचला आणि पहिली खुर्ची उलटी केली. हळदीच्या वाटीत बोट बुडवून चारी पायांवर खूण केली आणि कापायला बसली. मांडवात हसणं थांबलं. फक्त करवतीचा आवाज. पहिली खुर्ची टेबलाखाली सरकन गेली, तेव्हा बायांनी "बाप्पा!" केलं.

लहानू ओशाळून जवळ आला. "दे इकडे, मी करतो."

"हात नका लावू," कौसल्या मान वर न करता म्हणाली. "पाव्हणे आहा तुम्ही. मांडवात बसा. दादा, तूही बस. दोघं जवळ जवळ बसा."

दोघं बसले. जवळ जवळ बसले. सगळ्या खुर्च्या होईपर्यंत तिच्या कपाळावर भुसा चिकटला होता. लग्न लागलं. चंपतरावांनी मात्र त्या दिवशी खाली मांडी घालून जेवण केलं.

नागपूरला परतल्यावर कौसल्येनं पॉलिशचा डबा उघडलाच नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, "मधातल्या फळ्या काढा, मंग पाहू." दोघांनी आधी दुर्लक्ष केलं. पांढरं, कोरं लाकूड दोन्हीकडे साचत गेलं आणि त्यावर धूळ बसायला लागली. गोविंदानं आपल्या बायकोला, प्रेमिलाला, कामाला लावून पाहिलं. तिनं जीव तोडून केलं, पण कपाटाला जागोजागी कापूस चिकटला आणि ते अस्वलासारखं दिसायला लागलं. गिऱ्हाइकानं ते पाहिलं आणि 'येतो' म्हणून गेला, तो गेलाच. त्या आठवड्यात फळ्या निघाल्या. कोणी आधी काढल्या, यावर दोघांचं आजही एकमत नाही.

राहिलं नाव. दोघांनी उदार होऊन सांगितलं, "तुह्यंच ठेवू, कौसल्या. कौसल्या फर्निचर."

"माह्यं नाव गुंतवू नका," ती म्हणाली. "उद्या प्रेमिला वयनी म्हणन, माह्यं काहून नाही."

तिनं पेंटरला बोलावून सरळ लिहून घेतलं, 'येथे टेबल, खुर्ची, पलंग, कपाट करून मिळेल.' लहानूनं खाकरून विचारलं, टेबल पहिले काहून? गोविंदा उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात ती पेंटरला म्हणाली, "पयले पलंग लिहा. मंग कपाट."

काम वाढत गेलं. हिंगण्याला कारखाने आले, तिथल्या कामगारांची बिऱ्हाडं थाटली जाऊ लागली, आणि नवी जोडपी पलंग-कपाट सांगायला येऊ लागली. थोरली पोर मॅट्रिक झाली, तिला चांगलं स्थळ मिळालं. लहानूच्या पाठीनं दगा दिला, गोविंदाच्या डोळ्यांनी. त्र्याऐंशीच्या सुमारास दोघंही हत्यारापेक्षा जास्त तोंड चालवायला लागले होते. नवीन गिऱ्हाईक आलं आणि दुकानाला नाव काहून नाही असं त्यानं विचारलं की गोविंदा मान हलवून सांगायचा, "आमी दोघायनं फार विचार करून ठरवलं. नावात काय ठेवलं आहे? काम बोलते."

"बरोबर," लहानू म्हणायचा. "माणसानं मोठेपणा मागू नये."

असंच एकदा दोघांनी एका मास्तरला निर्मोहीपणावर पाऊण तास धरून ठेवलं होतं. कौसल्या त्यांच्या मागे खाली बसून कपाटाचा तळ घासत होती. तिनं हात थांबवला, भुसा झटकला आणि कपाटाच्या आडून आवाज दिला.

"झालं असन तं दोघंही इकडं या. एक बाजू तुम्ही धरा, एक दादा धरन. हे आडवं करायचं आहे, आन् मास्तरले जाऊ द्या, त्यायची शाळा आहे."