अर्धेरावांचं डावं मूत्रपिंड

परभणी जिल्ह्यात शरीरशास्त्र शिकवण्याचा खरा अधिकार एकाच माणसाला होता आणि तो माणूस आठवी नापास होता, असं मी म्हटलं तर आमच्याकडचे डॉक्टर रागावतील. पण त्यातले बरेचसे लहानपणी त्याच माणसाच्या हाताखालून गेलेत, म्हणून गप्पही बसतील. हे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणायचो. घर मानवतला, पण सेलूच्या ज्या शाळेत मी शिकलो तिथं ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. तक्ते टांगता टांगता आणि माणसाच्या धडाचा प्लास्टिकचा पुतळा उघडता-मिटता त्यांना आतलं सगळं तोंडपाठ झालं होतं. एखाद्या नव्या मास्तरांनी यकृत डावीकडं बसवलं की काका दारातून नुसते खोकायचे. मास्तर मुकाट्यानं ते उजवीकडं सरकवायचे.

त्यांच्या लेखी शरीर म्हणजे एक शाळाच होती. मेंदू हा हेडमास्तर, खुर्ची न सोडता सगळीकडं चिठ्ठ्या पाठवणारा. यकृत हेडक्लार्क, कारण गावभरची कामं त्याच्याच टेबलावर. हृदय मात्र शिपाई. "बाकीचे दमतेत, डुलक्या घेतेत. शिपाई एक दिवस आला न्हाई तर शाळाच उघडत न्हाई," हे सांगताना त्यांचीच छाती फुगायची. हे ज्ञान त्यांनी शाळेत ठेवलं असतं तर आमची सोय झाली असती. मानवतच्या एका लग्नात ते मुलीच्या वडिलांशेजारी पंगतीला बसले आणि त्यांच्या तोंडातली बुंदी आता कुठं पोचली, तिथं कशी आंबटात घुसळली जाईल, हे टप्प्याटप्प्यानं सांगू लागले. त्या बिचाऱ्यांनी ताट सारलं आणि हात धुतले. घरी आलेल्या पाहुण्यांना ते दोरीवर वाळणारं मावशीचं नऊवारी लुगडं दाखवायचे. "एवढं लांब आतडं हाय तुमच्या पोटात. घडी घालून बसवलंय." शेवटी मावशी लुगडी घरामागं वाळत घालू लागली.

पुतळ्याला हातपाय नव्हते म्हणून आम्ही पोरांनी त्याचं नाव अर्धेराव ठेवलं होतं. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत सामान हलवताना त्याचं डावं मूत्रपिंड ट्रॅक्टरमधून कुठंतरी पडलं. काकांनी तीन दिवस तो रस्ता पालथा घातला, सापडलं नाही. मग त्यांनी त्याचाच धडा केला. दर वर्षी ती रिकामी खोबण दाखवून सांगायचे, "दोन चाळण्या असतेत, रगत गाळतेत. एक गेली तर दुसरी दोघींचं काम वढती. ह्यो गडी किती वर्षं एकीवर हाय, पडला का कधी आजारी?" आम्ही खो खो हसायचो.

पुढं मावशीच्याच दोन्ही चाळण्या बंद पडल्या. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. येताना ती पिळून टाकलेल्या धुण्यासारखी दिसायची. कुणाचं तरी मूत्रपिंड मिळालं तर बाई जगेल, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी कुणाला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या आणि जुळतंय म्हटल्यावर जेवता जेवता जाहीर करून टाकलं. मावशीनं हातातली भाकरी खाली ठेवली. "तुमच्या अंगाला सुरी लावून मला जगायचं न्हाई. तुमाला काय झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?" आईनं समजावलं, मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. ती हटेना, आणि तिची तब्येत दर आठवड्याला खाली चालली होती.

काकांनी वाद घातला नाही. त्यांनी हेडमास्तरांकडं रीतसर अर्ज केला, की अर्धेराव यांना दोन दिवस घरी नेण्याची परवानगी मिळावी. मग त्याच्या डोक्याला रुमाल गुंडाळून एसटीत खिडकीशी बसवलं. मी लाजून मागच्या बाकावर. कंडक्टरनं तिकिटाचा चिमटा वाजवत विचारलं, "पाव्हनं कुठं उतरणार?"

"मानवतला," काका म्हणाले. "माझ्या बायकूला समजावायला चाललेत. जरा सांभाळून जाऊ द्या, पोटात समदं सुटं हाय."

घरी येताच त्यांनी अर्धेरावला मावशीच्या खाटेसमोर ठेवलं, पोटाचं झाकण काढलं आणि तिचा हात धरून त्या रिकाम्या खोबणीत घातला. "बघ. एकीवर मी निभावतो. तुझ्याबिगर न्हाई निभत." त्या घरात इतकं उघड कुणी कधी बोललं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच अर्धेरावचा रुमाल नीट करत बसलो. मावशीनं हात खोबणीतून काढून घेतला. मग म्हणाली, "झाकण लावा त्याचं. वारं लागंल." तोच तिचा होकार.

संभाजीनगरला शस्त्रक्रिया झाली. नवं मूत्रपिंड पोटात खाली, उजव्या अंगाला बसवतात आणि जुनी दोन्ही आत तशीच ठेवतात, हे कळल्यावर काकांना कोण आनंद झाला. वॉर्डभर सांगत फिरले, "हिच्याकडं तीन, माझ्याकडं एक. घरातली घरातच ऱ्हायली."

त्यानंतर सहा वर्षं दोघं सुखानं भांडली. मग, ज्या शिपायाचं त्यांनी जन्मभर कौतुक केलं, त्यानंच एका दुपारी अर्ज न देता रजा टाकली. त्या हृदयाचा मला अजून राग आहे.

परवा मावशीकडं गेलो होतो. औषधाची वेळ झाली होती, पाणी भरपूर प्यायचं अशी डॉक्टरांची ताकीद आहे. मी काहीतरी विचारायला लागलो तर तिनं तांब्या उचलला आणि दुसरा हात पोटाच्या उजव्या अंगाला ठेवला.

"थांब," ती म्हणाली. "आदी तुझ्या काकाला पानी देते."

घोट घोट करत तिनं सगळा तांब्या संपवला. तोवर मी उभाच राहिलो, शाळेत काका तक्ता टांगेपर्यंत राहायचो तसा.