तोमेकोकाकूंच्या वाफ्यावरची सावली

तोमेको होंमा आमच्या समोरच्या घरात एकट्या राहतात. जपानमधल्या आमच्या सादो बेटावर युकिवारीसो घरोघरी असतं. बर्फ वितळू लागलं, की वीतभर उंचीचं ते फूल वर येतं. पण काकूंच्या वाफ्यातलं एक रोप दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बी पेरल्यापासून अकराव्या वर्षी ते पुरतं उमललं: गडद जांभळं, मधे हिरवट पाकळ्यांची घट्ट गुंडी. त्याला बी धरत नव्हतं. होतं ते एवढं एकच रोप.

वाफ्यावर सावली होती शेजारच्या यासुओच्या केयाकीच्या झाडाची. जुलैतल्या वादळात त्याचं खोड उभं चिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यासुओ फाटकाशी आला.

“काकू, परवा झाड पाडतोय.”

“सप्टेंबरपर्यंत थांब रे. आत्ता रोपं उपटली तर मुळं कुजतील, आणि तशीच ठेवली तर उन्हात भाजतील.”

“आणि झाडाखाली माझी आई झोपलीय, तिचं काय?”

“तिला पुढच्या खोलीत हलव.”

“अख्ख्या घरावर कललंय ते. कुठे हलवू? तुमच्या वाफ्यात?”

काकूंनी दार लावून घेतलं. दुपारी रेडिओवर सांगितलं, आणखी एक वादळ निघालंय. तेव्हा त्या उठल्या आणि यासुओच्या घरी गेल्या. मीही मागोमाग गेले. त्याची आई, फुसाआजी, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. वारा सुटला की झाड करकरायचं आणि आजी चादर मुठीत आवळायची.

“तोमे, ऐकलंस?” ती पुटपुटली.

काकू तिचा हात धरून बराच वेळ बसल्या. बाहेर आल्या त्या थेट यासुओसमोर.

“परवा कशाला? उद्याच पाड. पण सकाळी सहाला माझ्याकडे ये, बांबू धरायला.”

सकाळी आम्ही तिघांनी वाफ्यावर बांबू रोवून बोरूच्या चटया बांधल्या. नऊ वाजता यासुओने बोलावलेल्या माणसांची करवत सुरू झाली. तिसरी फांदी दोरातून निसटली, मांडवाचा कोपरा घेऊन खाली आली आणि ऊन नेमकं जांभळ्या रोपावर पडलं. काकू छत्री घेऊन धावल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“काकू, बाजूला व्हा! वर फांदी लोंबतेय!” यासुओने कुंपणापलीकडून हाक दिली.

“रोप हलतंय का? मग मी कशी हलू?”

“करवत बंद करा!” यासुओ ओरडला. शिव्या घालतच तो कुंपण ओलांडून आला आणि त्याने स्वतः चटई पुन्हा बांधली. गाठ दोनदा सुटली. गाठ बसली तेव्हा कुठे काकू बाजूला झाल्या.

चाळीसातली सतरा रोपं त्या उन्हाळ्यात गेली. जांभळं तीन करपल्या पानांवर तगलं, पण मार्चमध्ये त्याला कळी आली नाही. पुढच्या मार्चला दोन फुलं आली, लहान आणि जरा फिकी. सप्टेंबरात काकूंनी रोपाचे दोन भाग केले आणि एक यासुओच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत लावला.

“पाणी जास्त घालून मारीन मी ते,” यासुओ म्हणाला.

“मारून तर बघ. तुझ्या आईला सांगेन.”