धुऊन काढ, म्हणला साहेब

आग विझवायचा पाईप होता तो. साहेबानं आमच्या अंगावर सोडायला लावला.

जालन्यातल्या त्या कारखान्याचं कोळशावरचं वीजघर कायमचं बंद झाल्तं. आम्ही कोळसा यार्डातल्या ठेक्याच्या बाया. आमच्याकडून आधी सगळं यार्ड झाडून घेतलं. मंग ठेकेदार म्हणला, उद्यापासून काम न्हाई, निघा. आम्ही निघालो न्हाई. आमच्या पोटाचं काय, हे साहेबाच्या तोंडून ऐकायचं होतं. त्याच्या ऑफिसाच्या पांढऱ्या पायऱ्यांवर बसलो.

साहेब बाहेर आला. फरशीवरचे काळे डाग पाहिले. आमच्याकडं पाहिलंबी न्हाई. गार्डला म्हणला, "धुऊन काढ. पायऱ्या पण, आणि ह्या पण."

पाणी छातीत बसलं. श्वास कोंडला. शेजारी वडीगोद्रीची कौसाबाई बसल्ती, माझ्या आईच्या वयाची. ती पायरीवर तोंडावर आपटली. दात ओठातून आरपार. लुगडं सुटलं. एका हातानं रक्त धरून राह्यली, एका हातानं लुगडं. वर खिडकीत ऑफिसातले लोक मोबाईलवर शूटिंग करून राह्यले. कोणीतरी हसलं.

साहेब दिसला की आम्ही बाजूला व्हायचो. आमची धूळ त्याच्या शर्टावर उडू नये म्हणून. आमच्या छातीत किती गेली, कधी कोणी विचारलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई. ते हसणं ऐकलं आन् माझा धाक गेला.

मी पाण्यात घुसले. गार्डच्या मनगटाला चावले, हाड लागंपर्यंत. पाईप सुटला. साहेब पळायला गेला, घसरला. मी त्याची कॉलर धरली, तोंड कौसाबाईच्या रक्तापाशी दाबलं.

"पुस," म्हणले. "हातानं पुस."

त्यानं पुसलं.

माझ्यावर केस झाली. साहेबाचा निरोप आला, माफी माग, केस मागं घेतो, दुसरीकडं झाडूचं काम देतो. नवरा म्हणला, माग, घर चालंल. मी कौसाबाईकडं गेले. ओठाला टाके, बोलता येत नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं आन् मान हलवली. न्हाई.

मी माफी मागितली न्हाई. मागणार न्हाई.

आता बॉयलर तोडून भंगार न्यायला ट्रक येऊन राह्यलेत. आधी आमच्या कामाचं बोला, मंग लोखंड हलवा. यार्डातल्या अंबडच्या, आष्टीच्या बाया गेटवर येणार हायेत. पहिल्या चाकापुढं मी बसणार. तिथून मला उचलायला जो येईल, त्याचा हात मोडीन.